बिनपथ्याचं औषध

नवऱ्याला मनाच्या आजारावर लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा आम्ही परदेशात, टॅम्पिनीसला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. त्याआधीचे तीन महिने मी कोणाजवळच बोलले नाही. तो झोपत नव्हता, अखंड बोलत होता, आणि एका मीटिंगमध्ये त्याने स्वतःच्या बॉसलाच कंपनी विकत घेतो म्हणून सांगितलं. मग ते सगळं उतरलं आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. लिथियमने तो महिन्याभरात माणसात आला. हात जरा थरथरायचे, तहान फार लागायची, तोंडाला लोखंडासारखी चव येते म्हणायचा. पण मला पुन्हा नावाने हाक मारायला लागला होता. मला तेवढं पुष्कळ होतं.

डॉक्टर बाई चिनी, माझ्याच वयाच्या. मी विचारलं, पथ्य काय? 'पथ्य'ला इंग्रजी शब्द आठवेना, म्हणून 'डाएट' म्हणाले. "नो स्पेशल डाएट लाह. ईट लाइक नॉर्मल," त्या इथल्या बोलण्यातला 'लाह' जोडून म्हणाल्या आणि औषधाचं एक पत्रक दिलं. ते मी इथे राहण्याच्या पासांच्या कागदांबरोबर फोल्डरमध्ये नीट लावून ठेवलं. कागद फोल्डरमध्ये गेला की तो वाचून झाला, असं मी धरून चालते.

पुण्याहून आईचा फोन आला. "पथ्य नाही? मग ते औषध लागू कसं पडणार गं?"

मी तिच्यावर चिडले, पण माझ्या मनात तेच होतं. वडिलांचा इसब वैद्यांनी बरा केला तो अळणी खायला घालून. इथे एवढं मोठं दुखणं, आणि नुसती गोळी गिळायची, माणसाने काहीच सोडायचं नाही, हे मला पटेना. खरं सांगायचं तर मला काहीतरी करायचं होतं. आजार त्याचा, गोळ्या डॉक्टरांच्या, आणि मी आपली बघत बसलेली.

म्हणून मी त्याचं मीठ बंद केलं. त्याला सांगितलं नाही. त्याने लगेच गूगल केलं असतं. आमटी-भाजी बिनमिठाची करायची, त्याचं ताट वाढायचं आणि माझ्या ताटात ओट्यापाशीच मीठ घालून घ्यायचं. तो रजेवर होता. त्यात शेजारच्या देशातल्या पेटलेल्या जंगलांचा धूर आलेला, खिडक्या बंद, बाहेर खाणं नाहीच. तो मुकाट्याने जेवायचा. मला वाटायचं, पथ्य मानवतंय.

तिसऱ्या आठवड्यात हात जास्तच थरथरायला लागले. साइड इफेक्ट, असं मीच ठरवून टाकलं. मग जुलाब सुरू झाले. मग एका सकाळी चहाचा कप त्याच्या हातून सुटला आणि साधं 'सॉरी' म्हणताना त्याची जीभ अडखळली. लिफ्टपर्यंत तो भिंत धरून चालला.

रक्तात लिथियम विषाइतकं झालं होतं. खाण्यापिण्यात काही बदल, असं हॉस्पिटलात विचारलं तेव्हा मी "नो" म्हणाले. मग तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "सॉल्ट?" आणि मी "स्टॉप्ड" म्हणाले.

त्यांनी शांतपणे समजावलं. लिथियम शरीराला मिठासारखंच वाटतं. मीठ कमी पडलं की किडनी ते जपून धरते, आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवते. गोळी तेवढीच, पण आत साचत जातं. घरी येऊन मी पत्रक काढलं. तिसऱ्याच ओळीत होतं: मीठ आणि पाणी अचानक कमी करू नये.

डायलिसिसवर तो वाचला. पण किडन्यांना इजा झाली आणि लिथियम कायमचं बंद झालं. नंतरच्या गोळ्यांनी त्याचं अंग सुटलं, तो दिवसभर पेंगायला लागला, आणि लिथियमने जो परत आणला होता तो माणूस काही पुन्हा आला नाही. हे माझ्या हातून झालं. त्याला दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

वॉर्डात चौथ्या दिवशी तो नीट शुद्धीवर आला, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो ओरडेल अशी माझी तयारी होती.

"तू मीठच घालत नव्हतीस?"

"नाही."



"मला वाटलं, गोळ्यांनी माझी चव गेली," तो म्हणाला. "म्हटलं, तू एवढं मन लावून करतेस, तुला कशाला सांगायचं."