रोल संपवायला काढलेला फोटो

सत्यनारायणाला मी शिऱ्यापुरता जातो आणि अमावस्येला हटकून प्रवास करतो. मी कुठल्या बाजूचा माणूस आहे, ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आमचं घर वडीगोद्रीला. बैठकीत आजीचा, म्हणजे दादांच्या – माझ्या वडिलांच्या – आईचा फोटो आहे. दादा तान्हे असतानाच ती गेली. तेव्हा बाईचा फोटो ती गेल्यावरच आठवायचा... तिचा एकही नव्हता. मग आजोबांनी जालन्याहून फोटोग्राफर बोलावला, आजीचं लुगडं तिच्या धाकट्या बहिणीला नेसवलं आणि तिला खुर्चीत बसवलं. चेहरेपट्टी सारखी, काम भागलं. दादा जन्मभर मावशीच्याच फोटोला नमस्कार करत आले. आई खरंच अशी दिसायची का, हे मावशीला विचारायचा धीर त्यांना कधी झाला नाही.

यंदा चुलतभावाला वास्तुशांतीच्या फ्लेक्सवर 'घराण्याच्या मातोश्री' हव्या होत्या. (विशीही न गाठलेल्या मुलीला एवढी बढती फ्लेक्सवरच मिळते.) फोटो उतरवला, तर फ्रेमच्या मागे कागदात गुंडाळलेली निगेटिव्हची पट्टी – रुंद, चौकोनी चित्रांची, वरून डोकावून बघायच्या जुन्या कॅमेऱ्याची. जालन्यात स्कॅन करून घेतली. तीन चित्रं. पहिल्या दोनांत लुगड्यात हरवलेली पोरगी, मान खाली, पाय अधांतरी. तिसरा भिंतीवरचाच फोटो – सरळ बघणारी बाई, पाय जमिनीला टेकलेले.

दादांना घेऊन अंबडला मावशीआजीकडे गेलो. मोबाईल दाखवला.

"हे दोन माझे," ती म्हणाली. "तिसऱ्यात मी न्हाई."

"अगं मावशी, हाच तर भिंतीवर हाये," दादा म्हणाले.

"म्या कधी वर बघितलंच न्हाई, बापू. जित्या माणसानं आपला हार घातलेला फोटू बघू नाही म्हणून माय माझे डोळे झाकायची. त्या दिवशी मी रडून उठले, लुगडं फेडून आत पळाले. फोटोवाला म्हणला, एकच राह्यलाय, रोल तर संपवावा लागंल. मंग त्यानं रिकाम्या खुर्चीचा काढला. मी दारातून बघत व्हते."

मी डबल एक्स्पोजर समजावलं. फिल्म पुढे सरकवायची राहिली की चित्रावर चित्र उमटतं. पण मग फोटोतल्या बाईतून खुर्चीची पाठ दिसायला हवी होती. दिसत नव्हती. पट्टी भिंगाखालीही पाहिली होती, निगेटिव्हवर चेहरा सुधारायच्या टचिंगच्या पेन्सिलीची एक रेघ नाही.

"मंग ही कोण?" दादांनी कसंबसं विचारलं.

मावशीआजीने मोबाईल पदराने पुसला. "ताई हाये. तिला वळखायला मला चष्मा लागतो व्हय?"

परतताना गाडीत मी पुन्हा एक्स्पोजरचं सुरू केलं. दादांची नजर मोबाईलवर होती. "तुझं बराबर असंल," ते म्हणाले. "पण आता जरा गप बस. मला आईला बघू दे."

आजोबांनी नेमका तोच फोटो टांगला आणि त्याविषयी कधी अवाक्षर काढलं नाही. त्यांनी त्यात काय पाहिलं, हे सांगायला आता कुणी नाही. स्पष्टीकरण माझ्याकडेही नाही... आणि दादांना ते नकोच आहे.