सरांच्या देशात

जीप निघायच्या आधी भास्करनं माझी बॅग टपावर चढवली, दोरीला गाठ मारली आणि दात काढून म्हणाला, "ताई, बिनधास्त जा. सरांच्याच देशात चालल्या तुम्ही!" जमलेले सगळे खो खो हसले. आई हसली, शेजारच्या काकू हसल्या, मीसुद्धा हसले. अप्पा, म्हणजे माझे वडील, मिशीतल्या मिशीत हसले. मुंबईच्या विमानतळाकडे निघालेल्या त्या जीपमध्ये बसताना मला त्या बोलण्यात काही वावगं वाटलंच नाही. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

सांगते. अप्पा पंचवटीतल्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचे. हातात निरगुडीची छडी. त्यांच्या स्कूटरची फटफट गल्लीत आली की आमच्या इमारतीचा अख्खा जिना चिडीचूप. पोरांनी त्यांना नाव ठेवलं होतं ते जर्मनीच्या त्या आखूड मिशीवाल्या हुकूमशहाचं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. कुणाचं ते तुम्हाला कळलंच आहे, आणि का लिहीत नाही तेही कळेल. तेव्हा मात्र ते आमच्या घरात चहासाखरेसारखं होतं. आई कुकर लावता लावता आम्हाला त्याच नावानं भीती घालायची. पोस्टमन त्याच नावानं पत्ता विचारायचा. भास्कर म्हणजे अप्पांचा सर्वांत जास्त मार खाल्लेला विद्यार्थी. आमच्या चौकात त्याची भाजीची गाडी. कोथिंबिरीची जुडी आईच्या पिशवीत फुकट कोंबत तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा, "लय मारलं सरांनी, म्हणून मानूस झालो."

अप्पांना ते नाव आवडायचं, आणि त्याला कारण होतं. त्यांचं खरं नाव दगडू. कळवणकडच्या खेड्यात त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आजीनं हे नाव ठेवलं. दगडाला यम तरी कशाला हात लावेल! पण शहरातल्या शाळेत शिकवायला आल्यावर पहिल्याच दिवशी "मी दगडू नथू देवरे" म्हटल्यावर वर्ग फिदीफिदी हसला, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. मग छडी आली, पाठोपाठ नवं नाव आलं आणि हसणं बंद झालं.

मी पुण्याला आधुनिक इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन एम.ए. करत होते. त्यातलं एक वर्ष जर्मनीतल्या विद्यापीठात शिकायची शिष्यवृत्ती मिळाली. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आमच्या गल्लीत तोवर कुणी दुबईच्या पुढे गेलं नव्हतं. निघताना अप्पा म्हणाले, "त्या लोकांकडून शिस्त शिकून ये. आपल्याकडे तसा एक माणूस हवा होता." असं तेव्हा सगळेच म्हणायचे हो, एसटीत, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत. मी स्वतः त्या माणसाच्या उदयाची 'कारणे व परिणाम' लिहून चांगले मार्क मिळवले होते. कारणं पाठ, परिणाम पाठ. समजलं काहीच नव्हतं.

तिकडे मला फ्राऊ लिंडनर नावाच्या बाईंच्या घरात वरची खोली मिळाली. सत्तरीकडे झुकलेल्या, एकट्या, ताठ. बोलायच्या कमी, पण जीव लावला. मला हीटर कसा वाढवायचा ते शिकवलं, लोकरीचे मोजे दिले. आईनं दिलेला चिवडा त्या चमच्यानं खायच्या, ठसका लागायचा, डोळे पुसायच्या आणि पुन्हा वाटी पुढे करायच्या. रविवारी दुपारी सफरचंदाचा केक आणि कॉफी, हा आमचा शिरस्ता झाला.

अशाच एका रविवारी त्यांनी अप्पांबद्दल विचारलं. मी नव्या नव्या जर्मनमध्ये रंगात येऊन सांगत सुटले. शिक्षक आहेत, फार कडक, पोरं थरथर कापतात. आणि पुढे, देवा रे, अगदी कौतुकानं, हसत हसत सांगितलं की विद्यार्थी प्रेमानं त्यांना काय म्हणतात.

त्यांनी काटा बशीत ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि उठून आतल्या खोलीत गेल्या. दार लावून घेतलं. मी कितीतरी वेळ त्या अर्ध्या केकसमोर बसून होते. माझं जर्मन चुकलं असेल, मी क्रियापद भलतीकडे टाकलं असेल, असंच वाटत होतं. अहो, इतकी मी बावळट!

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक फोटो होता. चष्मा लावलेला, कृश माणूस. "माझे वडील," त्या म्हणाल्या. "तेही शिक्षकच. भूगोल शिकवायचे." मग सावकाश, मला कळेल अशा शब्दांत, सांगितलं. लढाईचे दिवस. शिक्षकांच्या खोलीत कॉफी पिताना वडील म्हणाले, "नकाशा रोज मोठा होतोय. साहेबांना कळवा, आमच्या शाळेत आता भिंत उरली नाही." एवढंच. दोघंतिघं हसले. हसणाऱ्यांपैकीच एकानं जाऊन कळवलं. चालू तासाला त्यांना वर्गातून नेलं, पोरांच्या देखत. ते परत आले नाहीत. "मी दहा वर्षांची होते," म्हणाल्या, आणि माझ्या कपात पुन्हा कॉफी ओतली. ती कॉफी कशी प्यावी ते मला कळेना.

त्या आठवड्यात विद्यापीठात गेले तर भिंतीवरच्या एकाही नकाशाकडे बघवेना. अप्पा फोनवर विचारायचे, "काय म्हणतात तिकडचे लोक त्याच्याबद्दल?" मी सांगायचे, "थंडी फार आहे, अप्पा." हे फोनवर कसं सांगायचं? मला त्यांचा राग येत होता, भास्करचा येत होता, सगळ्या नाशिकचा येत होता. आणि खरं सांगते, घरची आठवण येऊन रडूही त्याच वेळी यायचं.

परत आले तर अप्पांची निवृत्ती तोंडावर आलेली. माजी विद्यार्थ्यांनी मंगल कार्यालयात सत्कार ठरवला होता. आदल्या दिवशी भास्कर कापडी बॅनर दाखवायला घेऊन आला आणि आमच्या बैठकीत पसरला. 'आमच्या लाडक्या', आणि पुढे लाल रंगात ते नाव. तो जाईपर्यंत मी कशीबशी थांबले. मग अप्पांना सगळं सांगितलं.

आधी भडकलेच. "पोरं प्रेमानं म्हणतात! एक वर्ष काय गेलीस, बापाला शिकवायला लागलीस?" मी थांबले नाही. नकाशाचा विनोद सांगितला, चालू तास सांगितला. ते खाली बसले. मग म्हणाले, "शिक्षकांच्या खोलीतून? त्यांच्याच सहकाऱ्यानं?"

"हो."

"चहा पिताना?"

"कॉफी, अप्पा."

तीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत चहा प्यायलेला माणूस होता तो. रात्री ते जेवले नाहीत.

सत्काराला अप्पा माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आजपासून मला त्या नावानं कुणी हाक मारायची नाही." हॉल हास्यात बुडाला. शिट्ट्या! "अरे, सर आजबी तसेच कडक!" अप्पांनी टेबलावर हात आपटला, तर टाळ्या वाढल्या. मागून कुणीतरी त्याच नावाचा जयजयकार केला आणि सगळ्यांनी तो उचलून धरला. अप्पा हातात शाल-नारळ घेऊन नुसते बघत राहिले. छडी हातात घेतल्यापासून पहिल्यांदा वर्गानं त्यांचं ऐकलं नाही.

पुढे मी पीएचडीसाठी पुन्हा जर्मनीला गेले आणि तिकडचीच झाले. आता शाळेत इतिहास शिकवते. पोळ्या करते, पण राय नावाच्या तिकडच्या धान्याचं पीठ मिसळून. आई फोनवर कुरकुर करायची, "तुझ्या बापाला आवर बाई. आज पुन्हा बाजारात उभे राहून सांगत बसले, भाजी तशीच." कारण त्या नावानं कुणी हाक मारली की अप्पा पिशवी खाली ठेवायचे आणि त्या भूगोलाच्या मास्तरांची गोष्ट सुरू करायचे. पहिल्यापासून, पूर्ण. लोक माना डोलवायचे, आणि जाताना म्हणायचे, "बरंय, येतो," आणि पुन्हा तेच नाव. सर म्हातारपणी चळले, असंही काही जण म्हणायचे. अप्पांनी सांगणं सोडलं नाही.

ते गेले तेव्हा मी धावत आले, तरी शेवटचं दर्शन मिळालं नाही. गाडी चौकात वळली आणि समोर बोर्ड दिसला, एका माणसाच्या उंचीचा. भावपूर्ण श्रद्धांजली. अप्पांचा हसरा फोटो, आणि फोटोखाली ठळक अक्षरांत ते नाव. फक्त ते नाव. मी गाडीतून उतरले आणि भास्करवर ओरडलेच, "मेल्यावर तरी सोडा रे त्यांना! तुला किती वेळा सांगितलं होतं त्यांनी!"

भास्करचे डोळे रडून सुजलेले होते. तो म्हणाला, "ताई, सांगितलं व्हतं. लय येळा सांगितलं व्हतं. पन दगडू नथू देवरे लिवलं असतं, तर कोन गेलं ते कुनाला कळलं असतं?"

या गावात ज्या माणसानं आयुष्य काढलं, त्याचं नाव या गावाला ठाऊक नव्हतं.

दहाव्याला रामकुंडावरून परत आलो तर चौकात बोर्ड बदललेला. फोटो तोच, खाली 'दगडू नथू देवरे सर'. त्या दिवसानंतर मी कुणाला काही म्हटलं नव्हतं. भास्करच्या गाडीपाशी दोघं म्हातारे थांबले होते. "का रे, हे दगडू कोन?" भास्करनं तराजू बाजूला ठेवला. "थांबा, सांगतो," म्हणाला. "तिकडं जर्मनीत एक भूगोलाचे मास्तर व्हते."

मी मागे उभी राहून ऐकलं. त्यानं गाव चुकवलं, लढाईही चुकवली. नकाशाचा विनोद मात्र बरोबर सांगितला, आणि कुणीही हसलं नाही. घर कुठे, असं मला तिकडचेही विचारतात आणि इकडचेही. मी आता तो चौक सांगते.