किमान पंचेचाळीस

मागच्या डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी सव्वासातला, एका हरिणीवर अन्याय झाला. आणि तो करणारा माणूस अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या नेपरव्हिल गावातला सगळ्यात सज्जन माणूस आहे. आमच्या शेजारचे काका. मी शिकारीविरुद्ध पत्रकं वाटते. काका त्यातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून देतात आणि मग शिकारीला जातात.

काकांचा जन्म सॉफ्टवेअर तपासण्यात गेला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर दोन पायांत दोन कंपन्यांचे बूट घालून त्यांनी महिनाभर तुलना केली. ठासणीची बंदूक घेतली तीसुद्धा तत्त्वानं. एकच बार, पुन्हा ठासायला अर्धं मिनिट. म्हणजे माणूस विचार करून चाप ओढतो. शिशाची प्रत्येक गोळी ते काकूंच्या वेलचीच्या काट्यावर तोलायचे. काकूंनी तो काटा गॅरेजमध्ये हाकलला आणि आठवडाभर काकांनाही.

एवढा काटेकोर माणूस चुकला तो नळी निवडताना. राज्याच्या नियमांत लिहिलंय, किमान पंचेचाळीस कॅलिबर, म्हणजे नळीचं भोक इंचाच्या शंभरातले पंचेचाळीस भाग. किमान अट पूर्ण, म्हणजे टेस्ट पास! काकांनी पंचेचाळीसच घेतली. तिची गोल गोळी हलकी, त्यात अंतर जास्त. हरिणी पडली नाही, रक्त सांडत निघून गेली.

काकांनी मला फोन केला. "तू ये. शिव्या देणारं कोणीतरी सोबत हवं." मका कापलेल्या शेतातून आम्ही अंधार पडेपर्यंत माग काढला. ओढ्याशी तो संपला. मी म्हणाले, "काका, तुम्ही तिला धड मारलं नाहीत, धड जगूही दिलं नाहीत." ते म्हणाले, "खरं आहे."

मग वर्षभर तपासणी. मराठी मंडळाचे जुने दिवाळी अंक भिजवून, गठ्ठे बांधून, नेमबाजीच्या रेंजवर त्यांच्यावर बार. पंचेचाळीसची गोळी संपादकीयात अडकली, पन्नासची पाककृतींच्या पार गेली. चोपन्नची त्याहून पुढे गेली, पण तिच्या धक्क्यानं काकांचा खांदा आणि नेम दोन्ही हलले. पन्नास ठरली. अंतर साठ पावलं. त्यापुढे दहातल्या दोन गोळ्या भरकटत होत्या.

या मोसमात मी त्यांच्याबरोबर जाऊन बसले. लक्ष ठेवायला. शंभरेक पावलांवर मोठा नर येऊन आडवा उभा राहिला. काकांनी बंदूक उचलली. त्यांनी ती हळूच खाली ठेवली. "तिथवर मला माझी खात्री नाही गं." नर निवांत चरला आणि झाडांत शिरला. काका मात्र हरिणीचा माग जिथे संपला होता, त्या ओढ्याकडे बघत राहिले.

शिकार सोडा, हे माझं म्हणणं कायम आहे. पण जाणारच असाल, तर 'किमान'वर भागवू नका. दहाच्या दहा गोळ्या किती पावलांवर जागच्या जागी बसतात, ते आधी शोधा. आणि त्यापलीकडे उभ्या असलेल्या हरणाला जाऊ द्या.