लिंबाजीचा तळहात

लिंबाजी गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही आमच्या गावी, झरीच्या एसटी स्टँडवर, चहा पिता पिता, सहज. चौथीपासूनचा माझा मित्र... आणि मला निरोप धाडावा असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्यात नवल नाही.

मी पुण्याला एका प्रयोगशाळेत होतो. अंतराळयानानं धूमकेतूची धूळ झेलून आणायची, तर ती धरून ठेवणारी हलकी, सच्छिद्र वडी आगीतही टिकली पाहिजे. अशा वड्या तपासायचं आमचं काम. तिथली भट्टी बिघडली तेव्हा चार वड्या रुमालात बांधून मी सुट्टीवर आलो आणि थेट पूर्णा जंक्शनला लिंबाजीकडे गेलो. तो लोको शेडमध्ये इंजिनाच्या भट्टीला विटा बसवायचा. त्यानं सांडशीत धरून वडीची एक बाजू लालबुंद तापवली. दुसऱ्या बाजूनं हात लावता येतो, असं मी पुस्तकातलं ज्ञान पाजळलं. माझे हात मात्र खिशात होते. त्यानं सरळ तळहातावर घेतली.

"अरे, पोळलं तर?"

"तू म्हणायलास ना!"

गार झालेली वडी त्यानं काळ्या पाटीवर घासली. पांढरी भुकटी पडली. "हे सोताच धूळ सोडायलंय. दुसऱ्याची काय धरणार?" अशा तीन वड्या त्यानं बाद केल्या. चौथी टिकली. ती मी त्यालाच देऊन टाकली, पुढं कधीतरी.

त्या संध्याकाळी त्याला घेऊन मी झरीला आलो. विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीचे दिवस होते आणि पुण्यात मी त्या बाजूनं तावातावानं बोलायचो... टाळ्याही घ्यायचो. आईनं त्याला ओसरीखालीच उभं ठेवलं आणि वरून तांब्याची धार धरली. त्याच तळहातांची ओंजळ करून तो पाणी प्याला. अंगठ्याजवळ थोडं पोळलेलं दिसत होतं. घरात पेले होते. मी रुमालाची गाठ सोडत बसलो. आईशी नंतर बोलू म्हटलं. ते नंतर सहा वर्षांत उजाडलं नाही. तो पुन्हा आमच्या दारी आला नाही, मला काही बोललाही नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लाज वाटते, हे लिहितानाही.

परवा त्याच्या घरी गेलो. फोटोखाली ती चौथी वडी ठेवलेली होती. वहिनींनी काठोकाठ भरलेला गिलास पुढे केला. माझा हात पुढे होईना...

"घ्या ना भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "गिलास धुतलेला हाय."