तीन शिक्क्यांचा कागद

रहीम मुन्शी दुसऱ्याच्या कचेरीत गेले की जोडे दाराशी सोडत नसत. ते आत आणून कोपऱ्यात भिंतीशी लावत, टोपी मांडीवर घेत आणि बाकावर बसत. मग तिथल्या कारकुनाला कळायचं, की हा माणूस उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही. मी बीडच्या करोडगिरीत, म्हणजे निजाम सरकारच्या जकात खात्यात, नवा लागलो होतो. पहिल्याच आठवड्यात ते माझ्यासमोर असे दुपारभर बसले. मी म्हटलं, "मुन्शीजी, कागद डाकेनं पाठवायचा."

"तहसीलीतून इथं यायला दोनशे पावलं हायत," ते म्हणाले. "डाकेनं अठरा दिवस लागत्यात. मी म्हातारा हाय, पर डाकेपेक्षा तरणा हाय."

जर्मन लढाईचे दिवस होते. धान्य महागलं होतं, आणि ते मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून, इंग्रजी हद्दीत जाऊ नये म्हणून निकासीबंदी आली होती. तीन खात्यांना तीन हुकूम आले. तहसीलीला हुकूम, की पेरणीच्या बियाण्याला परवाना द्यावा. आम्हाला हुकूम, की जकात घेतल्याशिवाय दाणा सोडू नये. बियाण्याचा त्यात शब्द नव्हता. पोलिसांना हुकूम, की हद्दीजवळ धान्य दिसलं की जप्त करावं. परवान्याचा त्यात शब्द नव्हता. तहसीलीत परवाने लिहिण्याचं काम मुन्शीजींकडे, त्यामुळे तिन्हीकडचे शिव्याशाप त्यांच्याच वाट्याला येत. "कायदा एकच हाय," ते म्हणत, "पर त्याला तोंडं तीन, अन् कान एकबी न्हाई."

त्या वर्षी शिरूरकडच्या सोनाबाई मुन्शीजींना शोधत आमच्या कचेरीत आल्या. नवरा वारलेला. घर ओढ्याच्या अलीकडे मोगलाईत, वावर पलीकडे इंग्रजीत. मुन्शीजींनीच लिहिलेला परवाना कमरेला खोचून त्या शाळूचं बी घेऊन निघाल्या, आणि पोलिसांनी ओढ्यातच पोतं धरलं.

"साहेब, वढ्याच्या ह्या अंगाला चूल, त्या अंगाला वावर," त्या म्हणाल्या. "माजंच बी माज्या वावरात नेलं तर मी चोर कावून?"

मुन्शीजी परवाना हातात घेऊन बराच वेळ स्वतःचंच अक्षर पाहत राहिले. "तुमी चोर न्हाईत, बाई. पर एवढं म्हणायला मला तीन सह्या लागतील."

हस्ताचा पाऊस नुकताच पडून गेला होता. ओल आठ-दहा दिवस टिकली असती. मुन्शीजी रोज तिन्ही कचेऱ्या फिरले. पोलिसांचे अमीन, म्हणजे फौजदार, म्हणाले, करोडगिरीचं पत्र आणा. आमचे साहेब म्हणाले, आधी पोलिसांनी माल सोडावा, मग बघू. तहसीलदार म्हणाले, आम्ही परवाना दिला, आमचं काम संपलं. सोनाबाई आवारातल्या लिंबाखाली बसून असत. संध्याकाळी मुन्शीजी परत येताना दिसले की उभ्या राहत, त्यांचा चेहरा पाहून पुन्हा बसत.

सातव्या दिवशी मुन्शीजींनी एका कागदावर चार ओळी लिहिल्या. तहसीलीचा परवाना असेल तर शेतकऱ्याचं स्वतःचं बियाणं नाक्यावर नोंदवून सोडावं, जकात घेऊ नये, पोलिसांनी अडवू नये. तो कागद घेऊन ते एकेका साहेबाकडे गेले आणि बाकीचे दोघे राजी आहेत, असं सांगत गेले. पहिल्यापाशी ते खोटं होतं. तिसऱ्यापाशी खरं झालं होतं.

तीन शिक्के बसायला आणखी चार दिवस लागले. सोनाबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "ह्यो कोण्या कचेरीचा?"

"कोणत्याच न्हाई," मुन्शीजी म्हणाले. "म्हणून चालंल."

पोतं सुटलं, पण ओल उडाली होती. शाळू विरळ उगवला. पुढं कधी बाजाराला आल्या तेव्हा सोनाबाईंनी तसं सांगितलं. मुन्शीजी मान खाली घालून म्हणाले, "उशीर माझ्याकडून झाला, बाई." बाई म्हणाल्या, "तुमच्याकडून न्हाई." मात्र पुढच्या हस्तात त्याच कागदावर ओढ्याकाठच्या सगळ्या गाड्या वेळेवर पार झाल्या.

मग सुभ्याच्या वरिष्ठ कचेरीतून विचारणा आली. तीन खात्यांचा एक कागद कोणाच्या परवानगीनं झाला? तिन्ही साहेबांनी मुन्शीजींकडे बोट केलं. मी चिडून म्हटलं, "सह्या त्यांच्या आहेत. तसं लिहा ना जबाबात."

"लिहिलं तर तिघं परत भांडतील, अन् कागद फाटंल," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे. लई थकलो आता."

त्यांची बदली रायचूरकडे झाली. नोकरीची दोन वर्षं उरलेली, भाषा परकी, गुडघे गेलेले. निरोपाला आम्ही दोघं-तिघंच होतो.

कागद रद्द केल्याचा हुकूम त्यांच्या मागोमाग माझ्या टेबलावर आला. नाक्याला आणि पोलिसांना तो मी कळवायचा होता. पेरणी चार दिवसांवर होती. मी हुकूम जुन्या कागदांच्या मिसलीत घातला, मिसल बांधली आणि वरच्या फळीवर ठेवून दिली. अख्ख्या नोकरीत मी जाणूनबुजून केलेली कसूर तेवढीच. पुढं कोणीही तिची चौकशी केली नाही.

त्या हिवाळ्यात मुन्शीजींचं पत्र आलं. तब्येतीबद्दल एक अक्षर नाही. फक्त विचारलं होतं, "कागद चालतो का?" मी त्याच दिवशी "चालतो" असं लिहून पाठवलं. ते त्यांच्या हाती पडलं की नाही, कळलं नाही. त्याच महिन्यात ते गेले.