पाणी कुणाचं

कराडला आमचं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे आणि मामंजी लोकांना बोअरची जागा दाखवतात. त्यामुळे मुलीनं पुण्याहून फोनवर "आई, पाणी लागलं" म्हटलं, तेव्हा मामंजींनी फोन माझ्या हातातून काढूनच घेतला.

"किती फुटांवर गं?"

"आवं आजोबा, दुसऱ्या सूर्याच्या ग्रहावर."

"व्हय? मग बोअरची गाडी कुणाची लावलीस?"

हसणं आवरल्यावर तिनं समजावलं. ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा ताऱ्याचा थोडा उजेड ग्रहाच्या हवेतून गाळून येतो. हवेत वाफ असेल तर ती त्यातला ठरावीक उजेड पिऊन टाकते. तेवढी घट तिला सापडली होती, आणि तिची पीएच.डी. त्या घटीवरच उभी होती.

"मग पाणी म्हणू नगंस, ओल म्हण," मामंजी म्हणाले. बोअरमधून नुसता चिखल आला की आमच्याकडं 'ओल लागली' म्हणतात. धार दिसल्याशिवाय पाण्याचं नाव काढत नाहीत.

"माझे गाईड सरही तेच म्हणतात. ताऱ्यावर थंड डाग आहेत, वाफ त्यांचीही असेल. तपासायचंय अजून."

त्या उन्हाळ्यात दुकानात मोटार तपासायला टाकीत सोडली की मी पाण्याकडं बघत राहायची, आणि डोळ्यांसमोर तो ग्रह यायचा. काळ्या गोलाभोवती उजेडाची बारीक किनार, किनारीत वाफ. तिची वाट बघणारं खाली कुणी नाही, शेत नाही, भांडण नाही. नुसती तरंगतेय.

"वहिनी, चालतीय मोटार," गिऱ्हाईक म्हणायचं. "बंद करा आता."

गणपतीला मुलगी घरी आली. जेवताना म्हणाली, "पाणी ताऱ्याचं निघालं. डागांचा भाग वजा केला, ग्रहाकडं काही उरलं नाही."

मी तिला आमटी वाढली. दुसरं काय करणार?

मामंजींचा घास हातातच राहिला. "म्हंजे ताऱ्यावर वाफ हाय? आगीत?"

"डागांत, हो. तिथं जरा थंड असतं."

"आन् टिकती?"

"टिकते."

"लय भारी. मग तोंड पाडून का बसलीस?"

 तिनं ताट सरकवून ओल्या बोटानं फरशीवर एक मोठा गोल काढला, त्यात डाग काढले. मामंजी वाकून बघू लागले.

"आता प्रबंधात हेच लिहावं लागेल," ती म्हणाली.

आमटी निवत होती. मी कुणालाही जेवा म्हटलं नाही.