शेतातलाच उंदीर

सासरी आल्यावर मी पहिल्यांदा कुणाला हाताने भरवलं असेल, तर ती एक धामण होती. हे माहेरी कधी सांगितलं नाही. भंडाऱ्यात वाढलेल्या पोरीचं पवनीकडच्या खेड्यात कसं होईल, याचीच आईला आधी काळजी होती.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. ते घर आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. घरात आम्ही तिघं असायचो: मी, माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणायची, आणि त्यांची विधवा धाकटी बहीण, आत्याबाई. माझे यजमान साकोलीकडे मास्तर होते, शनिवारी यायचे.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच धानकापणीत मामाजींच्या विळ्याखाली धामण आली आणि शेपटीच्या वर चिरली गेली. धामण मारायची नाही, ती धानाची राखणदारीण, हे त्यांचं पक्कं. दुपट्ट्यात गुंडाळून त्यांनी तिला घरी आणलं, जखमेत हळद भरली आणि धानाच्या कोठीच्या खोलीत सोडलं. खिडकीला बारीक जाळी ठोकली. "घाव भरला का सोडून देतो," म्हणाले. घाव भरला. मग म्हणाले, थंडीत कुठे सोडता. मग उन्हात कुठे सोडता. मग पाणी पडू द्या. आम्ही तिघांनीही पुन्हा तो विषय काढला नाही.

तिला खायला काय द्यायचं, यावर त्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या डोहाळ्यांवरही पुढे झाली नाही. आत्याबाईंच्या लेखी ती नागोबाची जात. त्या तिला 'तो'च म्हणायच्या.

"त्याले दूध दे ना, दादा. कायले उपाशी मारून राहिला?"

"तिले दूध पचत नाही."

"तुले सांगितलं त्यानं?"

"तुले कच्चा बेडूक देतो, पचते का पाहू. तसंच हाये ते."

पहिल्यांदा अंडं ठेवलं. ती त्याला वळसा घालून निघून गेली. तलावातली बारीक मासळी आणली, ती तिने जिभेने हुंगली आणि तोंड फिरवलं. बेडूक मात्र लगेच गिळला. पण नुसत्या बेडकांनी तिचं अंग भरेना, पाठीचा कणा दिसायचा. शेवटी उंदरावर गाडी आली, आणि तिथे मामाजींनी नियम घातला. उंदीर शेतातलाच. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सापळा लावून ते स्वतः पकडायचे.

"शेतातला उंदीर धान खाते," ते मला समजावून सांगायचे. "तेच धान आपण खातो. म्हंजे ही आपल्याच पंगतीत बसली. घरातला उंदीर साबण खाते, दिव्याची वात खाते, शेजारच्याकडची औषधाची गोळी खाऊन येते. त्याच्या पोटात काय हाये, कोणाले मालूम?"

आणखीही होतं. एकदा जेवली की पोटाचा फुगवटा उतरेपर्यंत पुन्हा विचारायचं नाही. डोळे दुधाळ झाले की कात टाकायची वेळ आली समजायचं, तेव्हा समोर काही धरायचं नाही. "भूक नसताना माणसाच्या ताटात वाढत नाही ना आपण?" मी मान हलवायची. माझ्या ताटात मात्र ते दोघं भूक असो नसो, वाढायचेच.

भरवायचं काम माझ्याकडे कसं आलं, आठवत नाही. मामाजींचे हात कापायचे आणि आत्याबाई उंदराला शिवायच्या नाहीत, म्हणून असेल. जुना चिमटा होता, त्यात मेलेल्या उंदराची शेपटी धरून मी कोठीपाशी बसायची. आत्याबाई दर वेळी बजावायच्या, "तो चिमटा चुलीपाशी आणशील तं पाहाय." नव्या धानाचा वास, पोत्यांची ऊब, आणि माझ्या पावलांनी जमीन हलली की कोठीमागून निघणारं ते निमुळतं डोकं. नवऱ्याविना जाणाऱ्या त्या आठवड्यांत माझी वाट पाहणारं घरात कुणीतरी होतं, असं मला वाटायचं. सापाला वाट पाहता येते का, मला माहीत नाही. त्या खोलीइतकं सुख मला पुढे पक्क्या घरातही मिळालं नाही, एवढं माहीत आहे.

त्या पावसाळ्यात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी तिने कात टाकली. अख्खी, डोळ्यांच्या खोळीसकट, पोत्यावर पडलेली. आत्याबाईंनी ती कपाळाला लावून देव्हाऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी घरात विळी नाही, तवा नाही, शेतात नांगर नाही, जमीन खोदणं नाही. सगळं उकडून खायचं. मी सापळ्याचं विचारलं तर मामाजी म्हणाले, "आज कोणाचा जीव नाही घ्याचा. आज तिचाबी उपास." आणि गावातल्या लोकांबरोबर वारुळाच्या पूजेला गेले.

कातीमुळे तिने किती तरी दिवस काही खाल्लं नव्हतं. नव्या चकचकीत अंगाने ती भिंतीच्या कडेकडेने फिरत होती, मी गेले की माझ्याकडे यायची, मला रिकाम्या हातांची बघून वळायची. सण तिचा, आणि घरात तीच उपाशी. मला ते बघवेना.

मागच्या अंगणात, शेजारच्या भिंतीलगत एक उंदीर मरून पडला होता. ताजा. अंगावर जखम नाही. मला वाटलं, हा आपण मारलेला नाही. सापळा लावला नाही, जमीन खोदली नाही, कुणाचा जीव घेतला नाही. मामाजींचा आजचा शब्द मोडत नाही.

त्यांचा दुसरा शब्द, शेतातलाच उंदीर, तो मला आठवत नव्हता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. तो आठवत होता. शेजारच्या बाईने उंदरांसाठी कणकेच्या गोळ्यांतून औषध ठेवल्याचंही मी त्याच आठवड्यात तिच्याच तोंडून ऐकलं होतं. चिमटा उचलताना हात थांबला होता. मग उचलला.

तिने आनंदाने घेतला.

सकाळी दार मीच उघडलं. ती कोठीपाशी पसरली होती, तोंड उघडं. शेजारी तिने ओकून टाकलेला उंदीर. मी आधी काय केलं, तर तो उंदीर चिमट्याने उचलून उकिरड्यात खोल दाबला. मग मामाजींना हाक मारली. आणि परत आल्यावर मला दिसलं की दाराच्या आत दुधाची वाटी आहे. आत्याबाईंनी आदल्या दिवशी लपून ठेवलेली. सांडली होती की कमी झाली होती, सांगता येत नव्हतं.

मामाजींनी धामणीकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं.

"ठेवलंस ना शेवटी?" ते बहिणीला म्हणाले.

"हो," आत्याबाई म्हणाल्या. "सण होता."

यापलीकडे भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. पण मामाजींनी पुढे बहिणीच्या हातचा चहा घेतला नाही, मला करायला सांगायचे. आत्याबाईंनी नागपंचमीला दूध ठेवणं सोडलं. वाटी घासून पालथी घालून ठेवायच्या, बस. एकदा तांदूळ निवडताना मला म्हणाल्या, "मी तं वाटी ठेवली होती निस्ती. पेलं असंल का गं त्यानं?"

सूप माझ्या मांडीवर होतं. मी म्हणाले, "कोणाले मालूम."

एवढंच बोलले. उंदीर भरवला ती चूक होती, दाबला ती भीती. हे दोन शब्द मात्र मी त्या बाईच्या तोंडाकडे पाहून बोलले. ती चूकही नव्हती आणि भीतीही.

आता ते दोघंही नाहीत. सांगायची संधी आली नव्हती असंही नाही. बऱ्याच वर्षांनी, मामाजी थकले होते तेव्हा, अंगणातल्या तणशीच्या, धानाच्या पेंढ्याच्या ढिगात धामणीचं पिल्लू निघालं. मामाजींनी ते टोपलीखाली झाकलं आणि जेवायला बसले. चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांनी त्यांनी आपणहून बहिणीकडे वळून विचारलं, "बाई, हिले काय द्याचं?"

"मले नको विचारू, दादा. माझ्या हातचं त्याले मानवलं नाही."

मी भात वाढत होते. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, कारण ते खातं माझंच होतं. भाताचं भांडं खाली ठेवून तेव्हाच सगळं बोलता आलं असतं.

"शेतातलाच उंदीर," मी म्हणाले.

मामाजींनी समाधानाने मान हलवली. "पाहाय," ते आत्याबाईंना म्हणाले, "पोरीले बरोबर याद हाये."